कानो जिगोरो

कानो जिगोरो (१० डिसेंबर १८६० – ४ मे १९३८) हे ज्युदो या जपानी क्रीडाप्रकाराचे जनक, शिक्षणतज्ज्ञ आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य होते. जपानी प्रथेनुसार कानो हे आडनाव असून जिगोरो हे व्यक्तिनाम आहे. १८८२ मध्ये टोकियो येथे कोदोकान ही संस्था स्थापन करून त्यांनी जुजुत्सु या जुन्या निःशस्त्र युद्धकलेला शालेय शिक्षणाला साजेसे रूप दिले. त्यांच्या या कार्याचा आरंभ फुकुदा हाचिनोसुके या हाडवैद्य गुरूंच्या लहानशा तालमीत झाला. फुकुदा यांचा सहवास त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभला. मात्र तेथे मिळालेला सराव आणि तेथे अनुत्तरित राहिलेला एक प्रश्न या दोहोंनी त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवली.

बालपण आणि शिक्षण

कानो यांचा जन्म सेत्सु प्रांतातील मिकागे या किनाऱ्यावरील गावी झाला. हे गाव आता कोबे शहरात समाविष्ट आहे. तांदळापासून तयार होणाऱ्या साके या मद्यासाठी हा परिसर प्रसिद्ध असून कानो घराणे त्या व्यवसायातील एक नामांकित घराणे होते. वडील जिरोसाकु हे या घराण्याचे जावई. विवाहानंतर त्यांनी सासरचे नाव स्वीकारले, परंतु मद्यनिर्मितीच्या व्यवसायात न शिरता ते जलवाहतुकीच्या कामात आणि पुढे सरकारी सेवेत रमले. मुलांच्या शिक्षणाकडे त्यांचा विशेष कटाक्ष होता. जिगोरो यांना लहानपणीच चिनी अभिजात ग्रंथ आणि सुलेखन यांचे धडे मिळाले. आई सादाको यांचे जिगोरो लहान असतानाच निधन झाले आणि १८७१ मध्ये वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी टोकियोला नेले.

तो काळ जपानच्या इतिहासातील मोठ्या स्थित्यंतराचा होता. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपून सम्राट मेइजी यांची राजवट सुरू झाली होती. पाश्चात्त्य विद्या, भाषा आणि पोशाख यांचे आकर्षण वाढले होते. कानो यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले आणि १८७४ मध्ये ते परदेशी शिक्षकांनी चालवलेल्या एका निवासी शाळेत दाखल झाले. अभ्यासात ते हुशार होते, परंतु शरीराने अगदीच किरकोळ. किशोरवयात त्यांची उंची सुमारे १५७ सेंटिमीटर आणि वजन अवघे ४१ किलोग्रॅमच्या आसपास होते. वसतिगृहातील दांडगट मुले त्यांना सतत त्रास देत. बुद्धीने पुढे असूनही केवळ बळ नसल्यामुळे मार खावा लागतो, ही बोच त्यांच्या मनात खोलवर रुतली.

गुरूचा शोध

दुबळ्या माणसालाही बलवानाला नमवता येईल अशी एक विद्या जपानमध्ये आहे, हे कानो यांना घरी येणाऱ्या नाकाइ बाइसेइ या गृहस्थांकडून कळले. नाकाइ हे पूर्वी शोगुनांच्या सेवेत होते आणि त्यांना जुजुत्सु अवगत होते. त्यांनी काही डाव करून दाखवले, मात्र शिकवण्यास नकार दिला. वडिलांच्या मालमत्तेची देखभाल करणारे कातागिरि रयुजी आणि घरी येणारे आणखी एक परिचित यांच्याकडेही कानो यांनी हट्ट धरला. त्यांचे उत्तरही तेच होते: काळ बदलला आहे, आता या विद्येचा काही उपयोग नाही. वडिलांचाही विरोध होता.

या नकारामागे त्या काळातील वस्तुस्थिती होती. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि त्यांचे वंशपरंपरागत तनखेही बंद झाले. सरदारांच्या आश्रयावर चालणाऱ्या तालमी ओस पडल्या. काही युद्धकलातज्ज्ञ तिकीट लावून कुस्तीचे व तलवारबाजीचे खेळ करू लागले, तर अनेकांनी हाडवैद्याचा व्यवसाय पत्करला. जुजुत्सुच्या सरावात सांधे निखळणे, मुरगळणे नित्याचेच असल्यामुळे हाड बसवण्याची विद्या या कलेच्या शिक्षणाचाच एक भाग होती.

१८७७ मध्ये कानो यांनी टोकियो विद्यापीठात प्रवेश घेतला. आता ते स्वतःचा मार्ग शोधण्यास मोकळे होते. जेथे हाडवैद्य तेथे जुजुत्सुचा जाणकार असण्याची शक्यता अधिक, असा तर्क करून त्यांनी शहरातील हाडवैद्यांकडे चौकशी सुरू केली. या शोधात त्यांची यागी तेइनोसुके या वृद्ध हाडवैद्यांशी गाठ पडली. यागी हे तेन्जिन शिन्यो-र्यु या घराण्यात शिकलेले होते. त्यांच्याकडे तालमीसाठी जागा नसल्याने त्यांनी कानो यांना आपल्याच घराण्यातील फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठवले.

फुकुदा हाचिनोसुके यांची तालीम

फुकुदा यांनी शोगुनांच्या कोबुशो या युद्धकला शिक्षणसंस्थेत प्रशिक्षणाचे काम केले होते. सत्तांतरानंतर ते निहोनबाशी भागात हाडवैद्याचा व्यवसाय करत. दवाखान्याला लागून असलेली दहा चटयांची, म्हणजे सुमारे १६ चौरस मीटरची खोली हीच त्यांची तालीम होती. शिष्य मोजकेच होते आणि रोज येणारे त्याहून कमी. कानो मात्र नियमित जात.

तेन्जिन शिन्यो-र्यु घराण्यात आघात, गळा आवळण्याचे प्रकार आणि प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर जखडून ठेवण्याचे पेच यांवर भर होता. शिक्षणाच्या दोन पद्धती होत्या. ठरलेल्या क्रमाने डाव करून दाखवण्याच्या पद्धतीला काता म्हणतात, तर दोघांनी मुक्तपणे झुंजत सराव करण्याला रांदोरी म्हणतात. फुकुदा हे रांदोरीला अधिक महत्त्व देत. आधी थोडा काता शिकवून ते शिष्याला लवकरच प्रत्यक्ष झटापटीत उतरवत. पुढे कानो यांनी स्वतःच्या शिक्षणपद्धतीत रांदोरीला जे मध्यवर्ती स्थान दिले, त्याचे मूळ या तालमीत आहे.

फुकुदा यांची शिकवण्याची रीत जुन्या वळणाची होती. कानो यांनी पुढे सांगितलेल्या एका आठवणीनुसार, फुकुदा यांनी एकदा त्यांना एका डावात आपटले. हात कोठे ठेवावा, पाय कसा टाकावा, अशी विचारणा कानो यांनी करताच गुरूंनी उत्तरादाखल त्यांना पुन्हा आपटले. पुन्हा विचारले, तेव्हा पुन्हा तेच झाले. डाव कितीतरी वेळा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही आणि पुरेसा सराव झाला की विचारण्याची गरज उरत नाही, अशी गुरूंची धारणा होती. विद्यापीठात पाश्चात्त्य पद्धतीने तर्कशुद्ध विचार करण्यास शिकणाऱ्या कानो यांचे या उत्तराने पूर्ण समाधान झाले नाही. तरीही त्यांनी तालीम सोडली नाही. त्यांचे अंग कायम खरचटलेले आणि काळेनिळे असे. त्यावर लावलेल्या मलमाच्या पट्ट्यांमुळे सहाध्यायी त्यांची थट्टा करत.

याच तालमीत फुकुशिमा कानेकिची नावाचे एक धिप्पाड ज्येष्ठ शिष्य होते. कानो यांना ते काही केल्या हटत नसत. कानो यांनी प्रथम सुमो कुस्तीतील डाव वापरून पाहिले. त्यांचा उपयोग झाला नाही. मग त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके धुंडाळली आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर घेऊन फेकण्याचा एक डाव हेरला. त्याचा गुपचूप सराव करून त्यांनी फुकुशिमा यांना चीतपट केले. हा डाव पुढे काता-गुरुमा या नावाने ज्युदोत समाविष्ट झाला. गुरूंनी सांगितलेला कष्टाचा सराव आणि विद्यापीठाने दिलेली शोधक वृत्ती यांचा मेळ या प्रसंगात प्रथमच दिसून आला.

गुरूंचे निधन आणि पुढील शिक्षण

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट हे जगप्रवासात १८७९ च्या उन्हाळ्यात जपानला आले. ५ ऑगस्ट १८७९ रोजी उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या निवासस्थानी त्यांच्यासमोर जुजुत्सुची प्रात्यक्षिके सादर झाली. त्यात फुकुदा, त्याच घराण्यातील इसो मासातोमो, कानो आणि त्यांचे सहशिष्य गोदाइ र्युसाकु यांनी भाग घेतला. त्यानंतर लवकरच, वयाच्या ५२ व्या वर्षी फुकुदा यांचे निधन झाले.

गुरूंच्या कुटुंबीयांनी घराण्याच्या विद्येची हस्तलिखिते कानो यांच्या स्वाधीन केली आणि तालीम चालवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. त्या वेळी त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. या कलेचे अध्यापन गुरूंच्या हयातीतच मोजक्या शिष्यांपुरते उरले होते. ते पुढे चालवण्याइतकी आपली तयारी झालेली नाही, याची जाणीव होऊन कानो यांनी इसो मासातोमो यांचे शिष्यत्व पत्करले. इसो हे साठी ओलांडलेले, उंचीने लहान परंतु काताचे अत्यंत निष्णात जाणकार होते. फुकुदा यांच्याकडे रांदोरी आणि इसो यांच्याकडे काता, अशी कानो यांच्या शिक्षणाची दोन्ही अंगे पूर्ण झाली. १८८१ मध्ये इसो यांचेही निधन झाले.

याच वर्षी कानो यांनी विद्यापीठाची पदवी मिळवली. त्यानंतर त्यांनी कितो-र्यु या निराळ्या घराण्याचे गुरू ईकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे शिक्षण सुरू केले. या घराण्याचा भर फेकीच्या डावांवर होता. दोन घराण्यांची विद्या एकाच शिष्याकडे आल्यामुळे त्यांची तुलना करणे शक्य झाले. कोणत्याही एका घराण्यात सर्व काही नाही, मात्र प्रत्येकात राखून ठेवण्याजोगे काहीतरी आहे, या निष्कर्षाप्रत कानो आले.

कोदोकानची स्थापना

१८८२ मध्ये कानो यांनी टोकियोच्या शिताया भागातील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत नऊ शिष्यांसह स्वतःची तालीम सुरू केली. तिला त्यांनी कोदोकान, म्हणजे मार्गाचे अध्ययन करण्याचे स्थान, असे नाव दिले. त्या वेळी ते २१ वर्षांचे होते. ईकुबो हे स्वतः आठवड्यातून काही वेळा येऊन शिकवत. फेकाफेकीच्या हादऱ्यांनी मंदिराची जमीन खचू लागल्याने पुजाऱ्यांच्या तक्रारीही ऐकाव्या लागत. तोमिता त्सुनेजिरो आणि साइगो शिरो हे आरंभीचे शिष्य पुढे नामवंत झाले.

कानो यांनी आपल्या पद्धतीला जुजुत्सुऐवजी ज्युदो म्हटले. जुत्सु म्हणजे कौशल्य किंवा तंत्र, तर दो म्हणजे मार्ग. ज्युदो हा शब्द त्यापूर्वी अन्य एका घराण्यातही वापरात होता, म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीचा उल्लेख कोदोकान ज्युदो असा केला. शरीराला अपाय करणारे प्रकार त्यांनी मुक्त सरावातून वगळले व ते काताच्या रूपाने जतन केले. पडताना इजा होऊ नये म्हणून सुरक्षितपणे पडण्याचे शिक्षण प्रत्येकासाठी आवश्यक केले. १८८३ मध्ये त्यांनी साइगो आणि तोमिता यांना दान ही श्रेणी दिली. श्रेणींची ही पद्धत पुढे कराटेसह अन्य युद्धकलांनीही स्वीकारली.

तोल ढळवण्याचे तत्त्व

डाव नेमका का लागतो, हा फुकुदा यांच्या तालमीतील प्रश्न कानो यांच्या मनात कायम होता. १८८५ च्या सुमारास ईकुबो यांच्याबरोबर सराव करताना एके दिवशी कानो यांनी त्यांना वारंवार फेकले आणि ईकुबो यांचा एकही डाव लागला नाही. प्रतिस्पर्ध्याला ओढले की तो मागे रेटतो आणि ढकलले की पुढे झुकतो. या प्रतिक्रियेचा उपयोग करून आधी त्याचा तोल ढळवावा आणि मगच डाव टाकावा, हे तत्त्व कानो यांना उमगले होते. या तत्त्वाला कुझुशी असे म्हणतात. त्यांनी ते गुरूंना समजावून सांगितले, तेव्हा आपल्यापाशी आता शिकवण्याजोगे काही उरले नाही, हे ईकुबो यांनी मोकळ्या मनाने मान्य केले.

तोल ढळवणे, अंग योग्य जागी नेणे आणि फेक पूर्ण करणे, अशा टप्प्यांत प्रत्येक डावाची फोड करून सांगणे हे कोदोकानच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य ठरले. जे पूर्वी वर्षानुवर्षे अंगावर घेऊन उमगत असे, ते आता नवशिक्यालाही शब्दांत सांगता येऊ लागले. मात्र स्पष्टीकरण हे सरावाला पर्याय आहे असे कानो यांनी कधीही मानले नाही. फुकुदा यांच्याकडून आलेली नित्य रांदोरीची शिस्त कोदोकानमध्ये तशीच राहिली.

शिक्षणक्षेत्रातील कार्य

कानो यांचा आयुष्यभराचा व्यवसाय शिक्षकाचा होता. १८८२ मध्ये ते गाकुशुइन या उमरावांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी कानो जुकु ही निवासी शाळाही काढली. तेथे श्रीमंत घरच्या मुलांनाही पहाटे उठून झाडलोट करावी लागे. १८८९ ते १८९१ या काळात त्यांनी युरोपातील शिक्षणसंस्थांची पाहणी केली. परतीच्या प्रवासात जहाजावर एका रशियन अधिकाऱ्याशी त्यांची झटापट झाली. कानो यांनी त्याला फेकले, मात्र त्याचे डोके आपटू नये म्हणून हाताचा आधारही दिला.

१८९१ मध्ये त्यांचा विवाह ताकेझोए सुमाको यांच्याशी झाला. त्याच वर्षी ते कुमामोतो येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. लेखक लाफकादिओ हर्न हे तेथे त्यांचे सहकारी होते आणि त्यांनी जुजुत्सुवर लिहिलेल्या निबंधामुळे पाश्चात्त्य वाचकांना या विद्येची ओळख झाली. १८९३ मध्ये कानो टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. मधला काही काळ वगळता १९२० पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. माध्यमिक शाळांसाठी शिक्षक घडवणाऱ्या या संस्थेत त्यांनी शारीरिक शिक्षणाला बौद्धिक विषयांच्या बरोबरीचे स्थान मिळवून दिले. १८९६ पासून त्यांनी चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्यातून निर्माण झालेल्या कोबुन गाकुइन या शाळेत पुढे विख्यात झालेले चिनी साहित्यिक लू शुन शिकले. स्त्रियांनाही कानो यांनी ज्युदो शिकवले आणि १९२६ मध्ये कोदोकानमध्ये स्वतंत्र महिला विभाग सुरू झाला.

१९२२ च्या सुमारास त्यांनी ज्युदोचे सार दोन सूत्रांत मांडले. सेइर्योकु झेन्यो म्हणजे शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि जिता क्योएइ म्हणजे स्वतःचा व इतरांचा एकत्रित उत्कर्ष. त्याच वर्षी ओकिनावाचे कराटेतज्ज्ञ फुनाकोशी गिचिन यांना त्यांनी कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी निमंत्रित केले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या विनंतीवरून ताकागाकी शिन्झो हे ज्युदोतज्ज्ञ १९२९ मध्ये शांतिनिकेतन येथे शिकवण्यास आले, तेही कोदोकानच्याच परंपरेतील होते.

ऑलिंपिक चळवळ आणि निधन

१९०९ मध्ये कानो यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवड झाली. १९११ मध्ये त्यांच्या पुढाकाराने जपानची राष्ट्रीय क्रीडा संघटना स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानने प्रथमच भाग घेतला. त्या पथकातील दोन खेळाडूंपैकी कानाकुरी शिझो हे मॅरेथॉन धावपटू कानो यांच्याच विद्यालयाचे विद्यार्थी होते. कानो यांच्या प्रदीर्घ प्रयत्नांमुळे १९३६ मध्ये समितीने १९४० च्या स्पर्धांचे यजमानपद टोकियोला बहाल केले.

१९३७ मध्ये चीन-जपान युद्ध सुरू झाल्याने हे यजमानपद धोक्यात आले. वयाच्या ७७ व्या वर्षी कानो यांनी कैरो येथे भरलेल्या समितीच्या अधिवेशनात जाऊन आपल्या देशाची बाजू मांडली आणि निर्णय कायम राखला. परतीच्या प्रवासात हिकावा मारु या जहाजावर न्यूमोनियाने ४ मे १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच महिन्यांनी, जुलै १९३८ मध्ये, जपानने यजमानपद परत केले. टोकियोत ऑलिंपिक भरण्यास १९६४ साल उजाडावे लागले. त्या स्पर्धेत ज्युदोचा प्रथमच समावेश झाला.

गुरुपरंपरेचे जतन

नवी पद्धत निर्माण करूनही कानो यांनी जुन्या घराण्यांची विद्या टाकून दिली नाही. ईकुबो यांच्याकडून मिळालेला कितो-र्युचा काता त्यांनी कोशिकी-नो-काता या नावाने जवळजवळ मूळ रूपात जपला. १९२९ मध्ये सम्राटांच्या उपस्थितीत झालेल्या स्पर्धेच्या वेळी, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांनी तो स्वतः सादर केला. फुकुदा आणि इसो यांच्या घराण्यातील जखडण्याचे, गळा आवळण्याचे व आघाताचे प्रकारही ज्युदोच्या अभ्यासक्रमात समाविष्ट आहेत. फुकुदा यांच्या नावाने मोठे घराणे उभे राहिले नाही. ते आज मुख्यतः कानो यांच्या आठवणींमुळेच ओळखले जातात. फुकुदा यांच्या तालमीत वापरलेला, ठिकठिकाणी फाटलेला आणि कानो यांनी स्वतःच्या हाताने शिवलेला सरावाचा अंगरखा कोदोकानच्या संग्रहात जतन करून ठेवलेला आहे.